नऊ नंबरचं घर

लिहायला बसलो याबद्दल आधी क्षमा मागतो. आठवणी लिहिण्याचा अधिकार ज्यांना असतो त्यांच्यातला मी नव्हे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी पाटीवर अक्षर गिरवलं नव्हतं, आणि मी लिहिलेला एकच लेख आजवर छापून आला. तो इंग्रजीत होता, आणि त्याच्यामुळे एका बाईचं शेत गेलं. त्यानंतर लिहायचं म्हटलं की हात आखडतो. तरीही लिहितो आहे, कारण आमच्या गावात ही हकिकत माझ्या हुशारीची म्हणून सांगतात. ती तशी नाही.

तीस सालच्या आगेमागे मी मुंबईत मिशनच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकत होतो. रत्नागिरीत तेव्हा हायस्कुलाच्या पुढे काही नव्हतं. मॅट्रिक झालेला मुलगा बंदरावर जाई, पडावात बसून आगबोटीपर्यंत पोचे, आणि ओकत ओकत मुंबईला उतरे. मीही तसाच उतरलो. मिशनने माझी फी माफ केली होती. सकाळचा पहिला तास बायबलचा, दुसरा अर्थशास्त्राचा. दोन्ही एकच साहेब शिकवीत. एक पुस्तक मिटून त्याच टेबलावर ते दुसरं उघडत, आणि आवाजही बदलत नसत. गरिबांविषयी ते दोन्ही तासांना बोलत. मला त्यांच्याबद्दल अतोनात आदर होता, अजूनही आहे. एवढंच की त्यांच्या दयेला गावाचं तोंड माहीत नव्हतं.

आमच्या गावच्या खोतांचा पुतण्या माझ्याच वर्गात होता. खोत म्हणजे काय ते बाहेरच्या वाचकासाठी सांगायला हवं. आमच्याकडे गाव खोताचा असे. सरकारचा सारा खोत भरी, आणि जमीन कसणारी आम्ही कुळं खोताला पिकाचा वाटा देत असू. शिवाय प्रत्येक घरानं वर्षातले काही दिवस खोताच्या शेतात, वाडीत, गोठ्यात फुकट राबायचं. सरकारी भाषेत त्याला वेठ म्हणत. आमच्यात कोणी तो शब्द वापरत नसे. आम्ही 'खोताचा दिवस' म्हणत असू, जसं कोणी एकादशी म्हणावी.

पुतण्या पहिल्या बाकावर बसे, मी शेवटच्या. वऱ्हांड्यात भेटला की तो चारचौघांत हाक मारी, "काय कुळा, आज कोणाचा दिवस? आमचा की प्रोफेसरांचा?" मुलं हसत. मीही हसे. हसणं सोपं पडे.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी साहेबांनी सांगितलं की प्रत्येकानं आपल्या गावाची पाहणी करून आणावी. घरं किती, खातात काय, कोणाच्या शेतात किती दिवस राबतात. साहेब मराठी पुस्तकातून शिकले होते. मला बाजूला बोलावून म्हणाले, "आपण शेतकऱ्यांचे पुत्र आहात. आपणांस जे दिसेल ते इतरांस दिसणार नाही. परंतु नावे लिहू नयेत. घरांस क्रमांक द्यावेत. गरीब मनुष्यास भय असते." मला पहिल्यांदाच वाटलं की माझं कुणबी असणं कुठं तरी उपयोगाचं आहे.

गावात तेवीस घरं. हातखंब्याच्या वाटेवरून आत वळलं की कातळ लागतो, कातळ उतरला की वहाळ, म्हणजे ओढा, आणि वहाळाच्या दोन्ही अंगांना आमची वाडी. मी वही घेऊन दारोदार फिरलो. लोकांना गंमत वाटली.

"कोंबड्या किती म्हनून इचारतोस? खोताच्या पोटात गेलेल्याबी धरायच्या काय?" गावकर म्हणाले. गावकर म्हणजे गावचे मानकरी, खोताच्या खालोखाल त्यांचा मान.

"त्यापन धरा," मी म्हणालो.

"मंग दुसरी वही आन."

आमच्या परसाला लागून काकीचं घर. सख्खी काकी नव्हे, भावकीतली. नवरा बोटीवर खलाशी होता, तो एडनकडे तापाने गेला होता. मूलबाळ नव्हतं. वहाळाकाठचं एक खाचर ती कसत होती. गावातलं सर्वांत चांगलं खाचर ते. दिवाळीनंतरही त्यात पाणी टिके. तिच्या आजेसासऱ्यानं वहाळातले दगडगुंडे वाहून त्याचा बांध घातला होता. पण कागदावर तिचा काही हक्क नव्हता. खोताच्या मनात असेपर्यंत शेत तिचं, एवढंच.

ती भात वारवत होती. सूप थांबवलं नाही.

"लिवून काय व्हनार रे?"

"सायबांना कळेल."

"सायबाला कळून काय व्हनार?"

मी म्हणालो, "काकी, नाव येणार नाही. नुसता आकडा येईल. कोणाला ओळखता येणार नाही."

"आईची आन घे."

मी घेतली. मग तिनं सगळं सांगितलं. लावणीचे दिवस, कापणीचे दिवस, खोताच्या घरची भांडी, गोठा, बाळंतपणं. बोटं पुरेनात म्हणून भाताचे दाणे एकेक बाजूला काढून तिनं दिवस मोजले. ती ढिगली तिनं पुन्हा सुपात लोटली. मग म्हणाली, "देवीची पालखी वर्सातून येकदा दारात येते. खोताचा मानूस रोज येतो. लिव हे." मी लिहिलं. मला ते वाक्य फार आवडलं होतं.

शेवटी आमचं घर राहिलं. वडील खळ्यात बसले होते.

"आपल्या घराचं काय लिवनार?"

"जे आहे ते."

"काय हाय?"

मला माहीत होतं काय आहे. मी शाळेत जायला लागल्यापासून माझ्या वाटचे दिवसही तेच भरत होते. त्याबदल्यात खोतांनी मला शाळेत जाऊ दिलं होतं, आणि मिशनकडे शिफारसही त्यांचीच होती.

"लिव की काय नाय म्हनून," वडील म्हणाले. "येका घरानं काय बिगडत नाय."

मी वहीत लिहिलं: नऊ, काही नाही. तेवीस घरांत एक घर. मनाची समजूत घालायला तेवढं पुरलं.

त्या वहीवरून मी इंग्रजीत लिहिलेला लेख साहेबांना इतका पसंत पडला की त्यांनी तो वर्गात वाचून दाखवला. एक नंबरच्या घरापासून सुरुवात केली. तिसऱ्या-चौथ्या घरापाशी पहिल्या बाकावरचा पुतण्या मागे वळून माझ्याकडे बघू लागला. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उलगडत होतं. तास संपल्यावर तो माझ्याजवळ आला.

"एक नंबर आमचं घर. दोन गावकराचं. तीन गुरवाचं. अरे, तू तर पालखी लावलीस!"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. शिमग्यात देवीची पालखी घरोघर फिरते, आणि कोणाच्या दारात आधी, कोणाच्या नंतर, हे पिढ्यान्पिढ्या ठरलेलं असतं. त्यावरून डोकी फुटली आहेत. मी घरांना नंबर देताना फार विचार केला नव्हता. गावातली घरं ओळीनं आठवायची म्हणजे माझ्या डोक्यात तो एकच क्रम होता. पहिला मान खोताचा, मग गावकर, मग गुरव. काकी सात, आम्ही नऊ. गावातलं शेंबडं पोरही तो लेख नावांसकट वाचू शकलं असतं.

मी साहेबांकडे धावलो आणि लेख परत मागितला. कारण सांगितलं नाही. नऊ नंबरबद्दल बोलावं लागेल अशी भीती वाटली. साहेब म्हणाले, "विनय हा गुण आहे, परंतु त्यास मर्यादा असावी. लेख छपाईस गेला." मग त्यांनी स्वतःच नऊ नंबरचा विषय काढला. "ते नववे घर पाहा. बाकी सारी कुळे मान तुकवितात आणि हे एक घर तुकवीत नाही! मी त्या घरासाठी प्रार्थना करतो." वर्गातसुद्धा त्यांनी त्या घराचं उदाहरण पुन्हा पुन्हा दिलं. पुतण्या प्रत्येक वेळी वळून माझ्याकडे बघे आणि हात जोडी.

कॉलेजच्या मासिकात लेख आला. शिमग्याला मी चार दिवस घरी गेलो. खरं तर जायचं नव्हतं, पण पालखी दारात येते त्या दिवशी घरचा मुलगा घरी नसणं चांगलं दिसत नाही. त्याच बोटीवर पुतण्याही होता. त्याच्या पेटीत मासिक होतं.

पालखी खोतांच्या अंगणातून निघाली तेव्हा दुपार कलली होती. ढोल, ताशा, गुलाल. एरवी खोत पहिल्या दोन घरांपर्यंत पालखीबरोबर येत आणि परत फिरत. त्या वर्षी ते फिरले नाहीत. पुतण्या मासिक घेऊन त्यांच्या बाजूला चालत होता. प्रत्येक दारात ओटी भरून झाली की खोत हात वर करीत, ढोल थांबे, आणि ते म्हणत, "वाच रे. या घरचं काय लिहिलंय?"

पुतण्या इंग्रजी वाचून मराठीत सांगे. शिमग्यात थट्टेला कोणी रागवायचं नसतं, अशी आमच्याकडे रीत आहे. खोतांनी ती रीतच हातात धरली होती.

"दोन नंबर. म्हणतो, माझी कोंबडी खोताच्या पोटात गेली."

"गावकर, बरी होती हो कोंबडी! तुमची होती हे सांगायचं तरी होतं." लोक हसले. गावकरही हसले. हसता हसता त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं.

सातव्या घरी काकी ओटीचं ताट घेऊन उभी होती. विधवेनं ओटी भरायची नसते म्हणून तिच्या दारात आमची आई ओटी भरी. काकी ताट धरून मागे उभी राही. त्या दिवशीही तशीच उभी होती.

"सात नंबर. म्हणते, देवीची पालखी वर्षातून एकदा येते, खोताचा माणूस रोज येतो."

खोतांनी आधी जमलेल्या लोकांकडे पाहिलं. मग मोठ्यानं म्हणाले, "काय गो? रोज येतो? आणि आम्हांला पत्ताच नाही! कोण तो, नाव तरी सांग. लग्न लावून देतो."

हसण्याचा असा लोंढा मी कधी ऐकला नाही. ज्या बायकांच्या बाळंतपणात काकी राबली होती त्याही पदर तोंडाशी धरून हसल्या. काकीच्या हातातलं ताट हललं नाही. ती माझ्याकडे बघत होती. राग असता तर बरं झालं असतं. ती नुसती बघत होती, नंबर म्हणजे काय ते आता समजल्यासारखी.

आठवं घर झालं. मग पालखी आमच्या दारात आली.

"नऊ नंबर. काही नाही."

"काही नाही?" खोतांनी वडिलांना खालून वरपर्यंत पाहिलं. "या घरानं आमच्याकडे एक दिवससुद्धा काम केलं नाही? मग माझ्या गोठ्यात इतकी वर्षं शेण कोण काढतंय? भूत?"

वडिलांनी हात जोडले. खोतांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "एवढं एक घर मात्र शहाणं. खोताविरुद्ध शब्द लिहिला नाही. लक्षात ठेवीन हो."

त्यांनी ते लक्षात ठेवलं. पेरणीच्या आधी काकीचं खाचर काढून घेतलं आणि आमच्या वडिलांना दिलं.

मी मे महिन्याच्या सुट्टीत घरी होतो. वडील वहाळाचा बांध दुरुस्त करत होते, काकीच्या आजेसासऱ्याचा बांध.

"बा, हे घेऊ नका."

"मी नाय घेतलं तर दुसरा घेईल. शेत काय मोकळं ऱ्हातं?" त्यांनी गुंडा उचलून जागेवर बसवला. "तुज्या पुस्तकात काय येगळं सांगितलंय?"

पुस्तकात वेगळं काही सांगितलेलं नव्हतं.

काकीनं मात्र हार मानली नाही. ती अंजनवेलला भावाकडे गेली आणि तिथल्या कोणाच्या सांगण्यावरून तिनं रत्नागिरीच्या कचेरीत अर्ज केला. तिचं म्हणणं एवढंच होतं की शेत पिढ्यान्पिढ्या तिच्या सासरचं, ते काढून घेता येत नाही. पुरावा काय, असं विचारलं गेलं. तिच्याजवळ पुरावा नव्हता. जगात एकच कागद असा होता ज्यावर ते शेत आणि तो बांध कोणाचा हे लिहिलं होतं, आणि तो मी लिहिलेला होता.

ती स्वतः मला शोधत आली. रत्नागिरीच्या बाजारात, मच्छी उतरते त्या बाजूला, मला गाठलं.

"तूच लिवलंस. आता तूच सांग."

"सांगेन, काकी."

"नुसतं खरं सांग. जास्ती काय नको."

कचेरीत मी उभा राहिलो. अंगावर कॉलेजचा कोट होता. शेत कोणाचं, बांध कोणी घातला, काकीनं किती दिवस काम केलं, सगळं सांगितलं. अव्वल कारकुनानं ते उतरवून घेतलं. काकी भिंतीशी उकिडवी बसली होती आणि प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. मग खोतांचे वकील उठले.

"हा लेख आपण लिहिलात. यातला शब्द न् शब्द खरा?"

"होय."

"नऊ नंबरच्या घरानं खोतांकडे कधी काम केलं नाही. हे खरं?"

मी दाराकडे पाहिलं.

"नऊ नंबरचं घर कोणाचं?"

"आमचं."

"मग आपल्याला माहीत असणार. खरं की खोटं?"

वडील दारात उभे होते. खरं म्हटलं असतं तर शपथेवर खोटं बोललो असतो, आणि गोठ्यातल्या शेणाचे साक्षीदार बावीस घरं होती. मी म्हणालो, "खोटं."

"स्वतःच्या बापाबद्दल ज्यानं खोटं लिहिलं त्यानं शेजारणीबद्दल खरं लिहिलं, हे कशावरून?"

एवढंच विचारून ते खाली बसले. माझा लेख बाजूला ठेवण्यात आला. अर्ज फेटाळला गेला. बाहेर पडताना काकी माझ्यासमोर थांबली.

"येकच घर खोटं लिवलंस," ती म्हणाली. "दुसरं कुनाचंबी लिवायचं व्हतंस."

मी मुंबईला परतलो आणि साहेबांना सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं ते काकीचं विचारतील. ते म्हणाले, "मी त्या घरासाठी प्रार्थना केली होती." पुढच्या अंकात त्यांनी दोन ओळींची दुरुस्ती छापली: एका विद्यार्थ्याच्या निष्काळजीपणामुळे लेखातील माहिती विश्वसनीय नाही. तेवीसच्या तेवीस घरं त्यांनी पुसून टाकली. पुतण्यानं ती दुरुस्ती कापून माझ्या बाकावर खळीनं चिकटवली.

काकीनं वरच्या कचेरीत पुन्हा अर्ज केल्याचं कळलं, तेव्हा मला एकच गोष्ट करता येण्यासारखी होती, आणि ती मी केली. कोणी मागितला नसताना मी त्या कचेरीला कागद लिहून पाठवला. नऊ नंबरचं घर माझ्या वडिलांचं. त्या घरानं माझ्या आजोबांपासून खोतांकडे राबणूक केली. वर्षातले इतके दिवस लावणीचे, इतके कापणीचे, इतके गोठ्याचे. मी भीतीनं खोटं लिहिलं होतं. सात नंबरच्या घराबद्दलचं सर्व खरं आहे. या खेपेला नावं लिहिली. खाली सही केली आणि बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा वर्ग लिहिला. वडिलांना हे आवडणार नाही याची खात्री होती, आणि तीच मला कागदाच्या खरेपणाची खूण वाटली.

उत्तर आलं नाही. अंजनवेलच्या शाळामास्तरांना काकीचं विचारायला दोन पत्रं घातली, त्यांचंही आलं नाही. परीक्षा झाली. मी पास झालो, आणि घरी न जाता नोकरी शोधत वसतिगृहातच राहिलो. पावसाळा लागला, बोटी बंद झाल्या, कोकणचं टपाल घाटावरून फिरून येऊ लागलं. रोज सकाळी मी वसतिगृहाच्या जिन्यात टपालवाल्याची वाट बघे. शेत काकीला परत मिळालं असेल, भाताच्या लावणीला आवणात ती उतरली असेल, असं चित्र मी मनाशी इतक्या वेळा रंगवलं होतं की ते मला जवळजवळ झाल्यासारखं वाटे.

नारळी पौर्णिमेनंतर वडिलांचं पत्र आलं. ते त्यांनी गावच्या मास्तरांकडून लिहून घेतलं होतं, त्यामुळे भाषा मास्तरांची होती:

"चिरंजीवास अनेक आशीर्वाद. पत्र लिहिण्यास कारण की, वरच्या कचेरीचा निकाल लागला. तू लिहून दिलेला कागद साहेबांनी पूर्ण मानला. आजोबांपासून आपले घर खोतांकडे राबत आहे हे त्यावरून शाबीत झाले, आणि आपण जुने कूळ ठरलो. जुन्या कुळाच्या ताब्यातील जमीन काढता येत नाही, म्हणून वहाळाकाठचे खाचर आता कायमचे आपले. खोतांनाही ते काढता येणार नाही. काकी वैशाखात अंजनवेलास वारल्या, मागे वारस नसल्याने त्यांचा अर्ज निकालात निघाला. हे तुला आधी कळवायचे राहून गेले. लावणी चांगली झाली आहे. तुझ्या शिक्षणाचे चीज झाले असे सगळा गाव म्हणतो."